बाई, ते पोचले का?

जे पुस्तक मी आयुष्यभर जवळ बाळगलं, ते मला समजावून देणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ते कधी वाचलंच नव्हतं. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. गोंधळी काकांना इंग्रजी येत नव्हतं. शाळेतला एक मुलगा वर्षातले पाच-सहा महिने उसाच्या फडात असायचा. जे. आर. आर. टॉल्कीन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मी वाचली, पण ती मला कळली ती या माणसांच्या बोलण्यातून. त्यांतली काही आता नाहीत. जी आहेत त्यांना आपण कुणाला काही दिलं याची कल्पना नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आमचं घर तुळजापुरात, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. वडिलांचं पूजेच्या सामानाचं दुकान. हळद-कुंकू, कवड्यांच्या माळा, परड्या, ओटीचं सामान, बांगड्या. शाळेत मी हुशार समजली जायची. हुशार म्हणजे प्रश्न आला की उत्तर तयार. बी.ए.ला सोलापूरला गेले, इंग्रजी विषय घेतला, आणि तिथल्या एका सरांनी त्यांच्या स्वतःच्या संग्रहातली ती जाडजूड कादंबरी माझ्या हातात ठेवली. “वाच, आणि काय वाटलं ते सांग,” एवढंच म्हणाले.

मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. गोष्ट थोडक्यात सांगायची तर अशी. शायर नावाच्या शांत मुलखात हॉबिट राहतात. बुटके, अनवाणी चालणारे, खाण्यापिण्याचे शौकीन. त्यांच्यातल्या फ्रोडोकडे एक अंगठी येते. ती ज्याच्या हाती पडेल त्याला सत्ता देते आणि त्यालाच आतून पोखरते. ती जिथे घडवली गेली त्या मॉर्डोरच्या ज्वालामुखीतच टाकायची, दुसरा उपाय नाही. म्हणजे हा शोध काही मिळवण्याचा नाही, टाकून देण्याचा आहे. फ्रोडोबरोबर त्याच्या बागेत काम करणारा सॅम निघतो, आणि मागावर असतो गॉलम, ज्याला त्या अंगठीनं कधीच खाऊन टाकलेलं आहे.

सरांकडे गेले ती वही भरूनच. कथानक, पात्रं, संदेश. अंगठी म्हणजे अणुबॉम्ब, मॉर्डोर म्हणजे हिटलरची जर्मनी, असं समोरासमोर मांडलं होतं. सरांनी शांतपणे ऐकलं आणि पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना उघडून दिली. माझ्यासारखे वाचक टॉल्कीन यांना पुष्कळ भेटले होते. पुस्तकाचे तीन खंड 1954 आणि 1955 मध्ये आले. हिरोशिमाला तेव्हा जेमतेम दहा वर्षं होत होती, त्यामुळे अनेकांनी हाच अर्थ लावला. प्रस्तावनेत त्यांनी तो नाकारला आहे. रूपकाशी आपलं पटत नाही, वाचकानं आपल्या अनुभवाशी गोष्ट जुळवून पाहावी आणि तसं करायला तो मोकळा असावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. “ही मोकळीक लेखकानं तुला दिलेली आहे,” सर म्हणाले, “आणि तू वर्गातल्यासारखं उत्तर घेऊन आलीस. पुस्तक अजून ठेव तुझ्याकडे.”

त्या वेळी मला याचा अर्थ लागला नाही. वाचनात उत्तरापेक्षा वेगळं काही असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पुस्तक घेऊन सुट्टीला घरी आले.

दुपारी गिऱ्हाईक कमी असायचं. आजी दुकानात मागे पोत्यावर बसलेली असायची. ती म्हणाली, “एवढं जाड काय वाचायलीस, मला तरी सांग.” मी सांगायला लागले. आजीचे प्रश्न माझ्या वहीत कुठेच नव्हते. पायात काय घालतात? अनवाणी म्हटल्यावर तिला बरं वाटलं. रात्री मुक्काम कुठं? पाणी कसं मिळतं? स्वयंपाक कोण करतं? मी म्हणाले, सॅम करतो, भांडी त्याच्या पाठीवर असतात. तिथून पुढे फ्रोडो काय करतो याच्याशी आजीला फारसं देणंघेणं राहिलं नाही. रोज दुपारी विचारायची ते सॅमचं.

आजीला चालणाऱ्यांची नड कळत होती. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की देवी पलंगावर निद्रा घेते आणि कोजागरीच्या पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. त्या पौर्णिमेला सोलापूरहून माणसांची रीघ लागते. पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता, त्या दिवसांत वाहनं दुसरीकडून वळवतात. तामलवाडी, सांगवी, माळुंब्रा, सिंदफळ करत लोक रात्रभर चालत येतात, कित्येक अनवाणी. कर्नाटकातून, कलबुर्गी-विजयपुराकडून येणारे त्याआधी कित्येक दिवस चालत असतात. आजी त्या रात्री दुकानासमोर गरम पाण्याचं घंगाळ आणि खोबरेल तेल घेऊन बसायची. फोड आलेले पाय तिनं किती धुतले असतील ते तिलाच ठाऊक. स्वतःही ती तरुणपणी माहेरच्या गावाहून नवसानं चालत आली होती, डोक्यावर भांड्यांचं बोचकं घेऊन.

मॉर्डोरमध्ये अंगावरचं ओझं कमी करायचं म्हणून सॅम आपली भांडी एका भेगेत टाकून देतो, तो प्रसंग मी घाईनं सांगून टाकला. माझ्या लेखी ती एक बारीकशी नोंद होती, ज्वालामुखी जवळ आला होता आणि मला तिथं पोचायचं होतं. आजीनं हात वर करून थांबवलं. डोळ्यांना पदर लावला. “भांडी टाकली?” म्हणाली. “भांडी टाकली म्हणजे बाई, परत यायची आस सोडली त्यानं.”

मी पुस्तक उघडून ते पान पुन्हा वाचलं. भांडी आपटत खाली गेल्याचा आवाज सॅमच्या काळजाला लागतो असं तिथे लिहिलेलंच होतं. मी ते वाक्य शब्दकोशासह वाचलं होतं आणि पाहिलं नव्हतं. आजीनं पुस्तक न पाहता ते पाहिलं. वाचताना कुठे थांबायचं असतं, ते मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

मग शेवट आला. तो सांगायची मला लाज वाटत होती. फ्रोडो ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचतो आणि अंगठी टाकत नाही. ती माझी आहे म्हणतो, बोटात घालतो. गॉलम झडप घालून ती त्याच्या बोटासकट तोडून घेतो, तोल जाऊन आगीत पडतो, आणि अंगठी जाते ती अशी. कॉलेजात आमच्यात यावरून वाद झाले होते. एवढं सगळं करून नायक शेवटी हरतोच, मग कशासाठी, असं माझंही मत होतं. आजीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “एवढं ओझं घेऊन दारापर्यंत आला की. आत घ्यायचं काम तिचं.” तिनं सिंदफळपाशी पडलेल्या माणसांचं सांगितलं. गाव समोर दिसत असतं आणि पाय उचलत नाही. मग ओळख ना पाळख, कुणीतरी त्याचा नारळ घेऊन पुढे जातं. “नारळ दुसऱ्यानं वाहिला तरी नवस त्याचाच फिटतो.”

पुढे काही वर्षांनी टॉल्कीन यांच्या पत्रांचा संग्रह माझ्या हाती आला. तो 1981 मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात कळलं की हा प्रश्न त्यांना कितीतरी वाचकांनी विचारला होता. एकानं तर संतापून लिहिलं होतं की फ्रोडोचा सन्मान कसला करता, फितूर म्हणून त्याला देहदंड द्यायला हवा होता. टॉल्कीन यांनी पुन्हा पुन्हा उत्तरं लिहिली. शरीर आणि मन यांत होतं तेवढं सगळं त्यानं खर्चलं, त्यापुढे माणसाची ताकद जात नाही, आणि तिथून पुढे काम दुसऱ्याच एका शक्तीनं हाती घेतलं, असा त्यांचा सूर. गॉलमला आधी दाखवलेली दयाच शेवटी उपयोगी पडली, हेही ते आवर्जून सांगतात. मी ती पत्रं वाचत होते आणि कानात आजीचा आवाज होता. ती तेव्हा नव्हती. हे तिला सांगता आलं नाही.

त्याच संग्रहात 1956 मधली एक हकीकत आहे. लंडनमधल्या एका गृहस्थांचं नाव योगायोगानं हुबेहूब सॅमचंच होतं. रेडिओवर या गोष्टीचं रूपांतर चालू होतं, आपलं नाव तिथं आहे हे त्यांच्या कानावर आलं, म्हणून त्यांनी लेखकाला पत्र लिहून विचारलं. टॉल्कीन यांनी त्यांना आपुलकीचं उत्तर लिहिलं आणि तिन्ही खंड सही करून पाठवले. सॅम हे पात्र पहिल्या महायुद्धात त्यांनी पाहिलेल्या साध्या शिपायांवरून आलं. अधिकाऱ्यांची व्यवस्था पाहणारे, त्यांचं सामान वाहणारे शिपाई. ते आपल्यापेक्षा कितीतरी थोर होते असं स्वतः अधिकारी असलेल्या टॉल्कीन यांना वाटत राहिलं. आजीनं पहिल्या दिवसापासून सॅमला धरून ठेवलं होतं.

आमच्या गल्लीत एक गोंधळी काका होते. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचा गोंधळ. संध्याकाळी दुकानापाशी टेकायचे आणि माझं सांगणं अर्ध्यातून ऐकायचे. एकदा म्हणाले, “पोरी, तू मधी मधी पळतीस. तिथं काय असतंय?” मी चकित झाले, कारण ते खरं होतं. पुस्तकात जागोजागी गाणी आहेत आणि ती मी गाळत होते. कथानकाला त्यांची गरज नाही असं माझं मत होतं, आणि आजही अनेक वाचक ती गाळूनच वाचतात. काका म्हणाले, “आख्यानात गाणं येतंय ते ऐकणाऱ्यानं दम घ्यावा म्हणून. दम न घेता तुझी माणसं एवढी चालली कशी?” गोंधळाच्या सुरुवातीला ते देवांना बोलावतात, एकेका देवाचं गाव घेऊन, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा. सगळे आल्याशिवाय आख्यान सुरू होत नाही. नावं आणि गावं ही भरताड नसतात, तो मांड असतो, हे त्यांनी मला शिकवलं. ऑक्सफर्डमध्ये भाषा शिकवणाऱ्या टॉल्कीन यांनी आधी भाषा रचल्या आणि मग त्या बोलणारी माणसं उभी केली, हे मी नंतर वाचलं. काकांना त्याचं काहीच नवल वाटलं नसतं. त्यानंतर मी गाणी मोठ्यानं वाचायला लागले, एकटी असतानासुद्धा.

वडिलांना माझ्या या पुस्तकाचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांचं पुस्तक ठरलेलं होतं, नाथमाधवांची ‘वीरधवल’. 1913 मध्ये आलेली ही अद्भुतरम्य कादंबरी त्यांनी लहानपणी वाचनालयातून आणून कंदिलाखाली वाचली होती आणि तिचं नाव निघालं की त्यांचा आवाज बदलायचा. पुढे त्यांनीच मला नाथमाधवांचं चरित्र सांगितलं. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचं खरं नाव. तरुणपणी सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून पडले, कमरेखालचं शरीर लुळं पडलं, आणि त्यानंतर अंथरुणावरून त्यांनी हे सगळं लिहिलं. 1928 मध्ये, पन्नाशीही न गाठता गेले. “जो माणूस खोलीबाहेर पडू शकत नव्हता त्यानं मला कुठं कुठं नेलं,” वडील म्हणायचे. मी टॉल्कीन वाचत होते आणि माझ्याच घरात मराठीतला असा एक वाचक बसलेला आहे हे मला कळायला उशीर लागला. त्यांना आणखी खूप विचारायचं होतं.

बी.एड. करून मी तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका झाले. शनिवारच्या शेवटच्या तासाला मुलांना ‘हॉबिट’ सांगायला सुरुवात केली. हे टॉल्कीन यांचं आधीचं पुस्तक, 1937 मधलं. बिल्बो नावाचा घरकोंबडा हॉबिट तेरा बुटक्यांबरोबर एका ड्रॅगनकडून त्यांचा खजिना परत आणायला निघतो, त्याची गोष्ट. तेव्हा मराठी अनुवाद नव्हता. मी माझ्या मराठीत सांगायची. पुढे मीना किणीकर यांनी केलेला अनुवाद पुण्याच्या डायमंड पब्लिकेशन्सनं काढला, तो वर्गाच्या कपाटात आला आणि पानं सुटेपर्यंत हाताळला गेला.

वर्गात एक मुलगा होता, ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं गाव सोडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, टायरगाडीत संसार, आणि मग कारखान्याच्या तळावर, कधी कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात, गाळप संपेपर्यंत. मागे आजी-आजोबा असतील किंवा गावात हंगामी वसतिगृह चालू असेल तर मूल राहतं. या मुलाला सांभाळणारं कुणी नव्हतं, धाकटी बहीण सांभाळायला तोच लागायचा. तो गेला तेव्हा गोष्टीतली माणसं धुक्याच्या डोंगरात शिरत होती. मी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे खुणा करत राहिले. वर्गाची गोष्ट पुढे गेली, संपली.

पाडव्याच्या आसपास तो परत आला. रापलेला, हाताला पाचटानं कापल्याच्या रेघा. आल्या आल्या दारातूनच म्हणाला, “बाई, ते पोचले का?”

मला आधी कळलंच नाही कुणाबद्दल विचारतोय. मग कळलं, आणि काही बोलता येईना. तो म्हणाला की तळावर रात्री बहिणीला तो गोष्ट सांगायचा. डोंगरापुढचं मी सांगितलेलं नव्हतं म्हणून त्यानंच रचलं होतं. त्याच्या गोष्टीत ते तेरा जण आणि बिल्बो एका कारखान्यापाशी येतात, तिथं त्यांना भाकरी मिळते, बिल्बो थकल्यावर बुटके त्याला आळीपाळीनं टायरगाडीत बसवतात, आणि ड्रॅगन उसाच्या फडाला आग लावतो. बहीण रोज विचारायची, आज ते जेवले का. मी त्याला म्हटलं, वर्गात तुझी गोष्ट सांग. त्यानं सांगितली. मुलांनी माझ्यापेक्षा त्याच्याकडे जास्त लक्ष दिलं. तो शनिवार मी कधी विसरणार नाही. शिकवणं म्हणजे गोष्ट पुरवणं नाही, ती मुलाच्या हाती सोपवून बाजूला होणं, हे मला बी.एड.च्या वर्गात कुणी सांगितलं असेलही, पण मी शिकले ते त्याच्याकडून.

‘हॉबिट’ छापायचं की नाही हेही एका मुलानंच ठरवलं होतं. 1936 मध्ये हस्तलिखित आलं तेव्हा प्रकाशक स्टॅन्ली अनविन यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या रेनर या मुलाला वाचायला दिलं. मुलांच्या पुस्तकाचे चांगले परीक्षक मुलंच, असं त्यांचं मत होतं. रेनरनं एका छोट्या परिच्छेदात अभिप्राय दिला, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल असं सांगितलं, आणि एक शिलिंग मेहनताना घेतला. त्याच रेनरनं मोठेपणी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तोटा होईल हे गृहीत धरून छापायचा आग्रह धरला. ही हकीकत मी त्या मुलाला सांगितली. त्यानं विचारलं, “एक शिलिंग म्हणजे किती भाकरी?” तो पुढे दहावीला बसला. आता एका गॅरेजमध्ये काम करतो आणि स्वतःच्या मुलीला शाळेतून एकही दिवस काढत नाही.

शाळेत माझे एक सहकारी होते, सास्तूरकडच्या एका गावचे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपतीचं विसर्जन करून लोक झोपले असताना किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचा धाबा, सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. सरांच्या घरातलं कोण गेलं हे आम्ही कुणी विचारत नसू. मुग्धा कर्णिक यांनी केलेला ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा संपूर्ण अनुवाद निघाला तेव्हा मी त्यांना वाचायला दिला. शेवटची काही प्रकरणं लांबलेली आहेत, कंटाळा आला तर सोडा, असंही सांगितलं. अंगठी नष्ट होते, राजा गादीवर बसतो, आणि तरी पुस्तक पुष्कळ उरतं. हॉबिट घरी परततात तर शायर उद्ध्वस्त झालेलं असतं, झाडं तोडलेली, घरं पाडलेली. ते सावरतात, पण फ्रोडोला पुन्हा तिथं राहणं जमत नाही. पीटर जॅक्सन यांच्या 2001 ते 2003 मधल्या चित्रपटांत शायरच्या विध्वंसाचा हा भाग वगळला आहे आणि मला ते योग्यच वाटत होतं.

सरांनी पुस्तक परत केलं आणि म्हणाले, “मॅडम, तुम्ही सोडा म्हणालात तेवढंच मी दोनदा वाचलं.” त्यांचं गाव नव्या जागेवर वसलं होतं. सरळ रुंद रस्ते, एकसारखी घरं. सगळं नीट होतं. सरकारनं दिलं, संस्थांनी दिलं, कुणाविरुद्ध तक्रार नव्हती. “पण जुन्या गावातून जाताना वडील अजून वाकून चालायचे,” ते म्हणाले. “जिथं आमचा दरवाजा होता तिथं. दरवाजा बुटका होता.” मग बराच वेळानं म्हणाले, “तुमच्या देवीला लढाईनंतर पाच दिवस झोप आहे. या फ्रोडोला ती मिळाली नाही. आम्हालाही नाही मिळाली.”

टॉल्कीन 1916 मध्ये सोमच्या लढाईत होते. शाळेपासूनच्या त्यांच्या जिवलग मित्रांपैकी युद्धानंतर एकच उरला होता. हे मला माहीत होतं, मी ते एका टिपणात लिहूनही ठेवलं होतं. माहीत असणं आणि सरांसमोर बसून ऐकणं यांत फार अंतर आहे. त्या शेवटच्या प्रकरणांसाठीच हे पुस्तक लिहिलं गेलं असावं असं मला आता वाटतं. हे मत माझं नाही, त्यांच्याकडून घेतलेलं आहे.

तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार आहे. तिथली एक विद्यार्थिनी क्षेत्रकार्यासाठी आमच्या गावात यायची. तिनं हे पुस्तक वाचायला घेऊन अर्ध्यावर टाकलं होतं. मी कारण विचारलं तर म्हणाली, “यात शत्रूच्या बाजूची माणसं पूर्वेकडची आणि दक्षिणेकडची, काळ्यासावळ्या रंगाची. ऑर्क तर जन्मानंच वाईट. आमच्या वस्तीला असंच बघितलं गेलंय. मी कुठल्या बाजूनं वाचू?” मी पुस्तकाच्या बचावाला धावले. लेखक 1892 मध्ये जन्मलेला, काळ वेगळा, वगैरे. तिनं ऐकून घेतलं आणि पटलं नाही असं सांगितलं. घरी येऊन मी पुस्तक तिच्या बाजूनं पुन्हा वाचलं. तिचं म्हणणं बरोबर होतं. त्याबरोबरच एक जागा सापडली जिच्यावरून मी अनेकदा गेले होते. लढाईत मेलेला एक दक्षिणेकडचा सैनिक सॅमसमोर येऊन पडतो. सॅमच्या मनात येतं, याचं नाव काय असेल, हा खरंच दुष्ट असेल का, की कुणी खोटं सांगून, धमकावून याला घरापासून एवढं लांब चालवत आणलं. टॉल्कीन यांनाही ऑर्कांचा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नव्हता, त्यावर ते उतारवयातही लिहीत राहिले.

पुढच्या भेटीत मी तिला ती जागा दाखवली. ती म्हणाली, “एक परिच्छेद. ठीक आहे.” मग आम्ही दोघी शिवारातून चालत होतो, बांधावर शेंदूर लावलेला दगड होता, म्हसोबा. ती म्हणाली, “मॅडम, तुमच्या देवळात देवी महिषासुराला मारते आणि इथं लोक त्याला नैवेद्य दाखवतात.” दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी म्हसोबा आणि महिषासुर यांच्या नात्यावर लिहिलेलं मी वाचलं होतं, पण माझं स्वतःचं गाव मी कधी असं वाचलं नव्हतं. मारणारीलाही हात जोडणारे आणि मारल्या गेलेल्यालाही न विसरणारे लोक माझ्या चारी बाजूंना होते. ज्यांना पुस्तक आवडलं त्यांचं ऋण मानणं सोपं असतं. जिनं ते नाकारलं तिचं ऋण मला अधिक वाटतं, कारण तिच्यामुळे मी आवडत्या गोष्टीकडे डोळे उघडे ठेवून बघायला लागले.

शनिवारचा तास अजून चालू आहे. या वर्षी वर्ग बिल्बोबरोबर काळ्या जंगलात शिरलाय. गेल्या महिन्यात एका मुलीनं उभं राहून विचारलं, “बाई, यात एक पण पोरगी कशी नाही?” मी सांगितलं की सुरुवातीला बिल्बोच्या आईचं नाव येतं, बेलाडोना टुक, आणि ती मोठी नामांकित होती असंही म्हटलंय. “मग तिची गोष्ट कुठंय?” पुस्तकात ती नाही, हे मला सांगावं लागलं. ती खाली बसली आणि वहीत काहीतरी लिहायला लागली. परवा तिनं पहिली दोन पानं आणून दाखवली. बेलाडोना पहाटे कुणाला न सांगता निघाली आहे, तिच्याबरोबर वर्गातल्याच नावांच्या चार मुली आहेत, आणि त्या सिंदफळ ओलांडून तामलवाडीच्या टोलनाक्यापर्यंत आल्या आहेत. भांडी कुणाकडे आहेत, मी विचारलं. “सगळ्यांकडं थोडी थोडी,” ती म्हणाली. पुढची पानं सोमवारी आणणार आहे.